मधल्या काकांचा सहावा गट

११ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ढगाळ, दुपारी ऊन. गॅसवाला आजही आला नाही. न्हाणीघरातला दिवा बदलून घेतला. पाहुणे पाचव्या गटात पुन्हा चौथे आले, म्हणजे खोली आणखी दोन दिवस त्यांच्याकडे. टॉवेलवर पुन्हा निळा खडू.

ही नोंद घरमालकीण मावशींच्या डायरीतली. त्यात ज्यांना पाहुणे म्हटले आहे, ते दोन दिवसांसाठी म्हणून उतरले होते. दोन सदरे, एक काळे जाकीट, एक बो आणि स्नूकरच्या काठीची, म्हणजे क्यूची, लांबट पेटी एवढेच सामान घेऊन आले होते. त्याला आता अकरा दिवस झाले. क्यूची पेटी मावशींच्या छत्र्यांच्या स्टँडमध्ये घरच्यासारखी उभी राहायला लागली होती, आणि क्यूच्या टोकाला लावायच्या निळ्या खडूचे ठसे दिव्याच्या बटणापासून फ्रिजच्या दारापर्यंत पोहोचले होते.

स्नूकरच्या जगात त्यांना सगळे काका म्हणत. पाठीमागे मधले काका म्हणत. त्यांना ते ठाऊक होते आणि त्याचे वाईटही वाटत नव्हते, कारण ते खरे होते. तीन भावांत ते मधले. शाळेत बाक मधला. वडील घड्याळे दुरुस्त करायचे. या मुलाचा हात न थरथरणारा आहे हे त्यांनीच आधी हेरले आणि भिंगाखाली बसवायचे ठरवले. पण दुकानाच्या वर एक क्लब होता. चौदाव्या वर्षी काका वर गेले ते खाली आलेच नाहीत. वडील म्हणाले, "हात देवानं घड्याळासाठी दिला होता, तू त्यानं चेंडू ढकलतोस." सत्तावीस वर्षे काकांनी व्यावसायिक म्हणून चेंडू ढकलले. कुणी त्यांच्या नावाच्या टाळ्या पिटल्या नाहीत, आणि कुणी त्यांना सहज हरवूही शकले नाही.

अशा माणसासाठी ही स्पर्धा म्हणजे पिंजराच होता. एकामागून एक सात गट, प्रत्येक गट दोन दिवसांचा. गटात सात खेळाडू आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे. पहिला येईल तो महिन्याभराने होणाऱ्या अंतिम गटात जायचा, म्हणजे तूर्तास घरी. शेवटचे दोघे कायमचे घरी. मधल्या चौघांनी मात्र तिथेच थांबायचे. तीन नवे यायचे आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. काका पहिल्या गटात पाचवे आले. मग चौथे, मग तिसरे, पुन्हा पाचवे, पुन्हा चौथे. जिंकणाऱ्याला घर होते, हरणाऱ्याला घर होते. काकांना मावशींची खोली होती.

एरवी काकांनी त्याची फिकीर केली नसती. पण शनिवारी, चौदा तारखेला, सकाळी अकरा वाजता काकू निवृत्त होणार होत्या.

काकू मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या. काकांची आणि त्यांची ओळखच तिथली. डोळ्यात खडूची पूड गेली म्हणून काका गेले, आणि एका तरुण नर्सने त्यांचे डोके बेसिनखाली धरून पंधरा मिनिटे डोळा धुतला. "डोळे नीट उघडता येत नाहीत आणि म्हणे नेम धरतात!" असे ती म्हणाली. काकांनी डोळा उघडला आणि त्यानंतरच्या आयुष्यात फारसा विरोध केला नाही. पण काकूंच्या प्रत्येक मोठ्या दिवशी काका कुठल्या ना कुठल्या गटात अडकलेले असायचे. मुलगी झाली तेव्हा पाचवे होते. घर घेतले तेव्हा चौथे. काकू मेट्रन झाल्या त्या दिवशी तिसरे होते आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता, तो त्यांनी फोनवर बोलून दाखवला, आणि त्यावरून पुढे चार महिने घरात शांतता होती. या खेपेला त्यांनी शब्द दिला होता. पहिली रांग, दुसरी खुर्ची. काहीही होवो.

बुधवारी संध्याकाळी काकांनी गॅलरीत उभे राहून फोन लावला.

"झालं?" काकूंनी विचारले.

"झालं."

"कितवे?"

"चौथा."

पलीकडे एक ट्रॉली खडखडत गेली. मग काकू म्हणाल्या, "अहो, तुम्ही एक तर जिंका, नाही तर नीट हरा. हे मधेच लोंबकळत राहणं मला समजत नाही."

"अगं, मुद्दाम का कुणी चौथा येतो?"

"तुम्ही येता. सत्तावीस वर्षं."

"ताप आला म्हणून नाव काढून घेऊ का?"

"मी तेहतीस वर्षं खोटे ताप पकडतेय," काकू म्हणाल्या. "थर्मामीटर चहात बुडवणारे बघितलेत मी. तुम्हाला तेवढंही जमायचं नाही. खेळा आणि या."

मावशी आत बटाटे सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण सोलणे थांबले होते. पंचाहत्तरी उलटलेल्या मावशींना आधी स्नूकरमधले ओ की ठो कळत नव्हते. काकांनी तिसऱ्या दिवशी त्यांना पास आणून दिला. त्या शिष्टाचार म्हणून गेल्या, आणि तेव्हापासून फर्निचरच्या गोदामावरच्या त्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत डायरी उघडून बसायच्या. पट्टीने रेघा आखून त्यांनी गटाचा तक्ता केला होता. कोण किती सामने जिंकला, किती फ्रेम जिंकला, सगळे त्यात होते. पण काकांनी हात जोडून सांगून ठेवले होते, "मावशी, मला गणित सांगायचं नाही. किती हवेत ते कळलं की हात तेवढंच करतो."

"नाही सांगणार," मावशी म्हणाल्या होत्या. दिलेला शब्द त्या पाळत, मग पोटात दुखो.

सहावा गट गुरुवारी सुरू झाला. काकांनी तीनपैकी एक सामना जिंकला, दोन हरले. शुक्रवारी सकाळी सदरा घालताना उजव्या बाहीचे बटण निखळून बेसिनमध्ये पडले आणि पाण्याबरोबर गेले. काकांची धांदल उडाली. स्पर्धेत बाही दुमडलेली चालत नाही.

"आणा इकडे," मावशी म्हणाल्या. त्यांनी बटणांचा डबा उघडला. पांढरी बटणे खूप होती, पण त्या मापाचे एकही नाही. शेवटी त्यांच्या यजमानांच्या जुन्या कोटाचे एक निघाले.

"अंमळ मोठं आहे."

"कोण बघतंय बटणाकडे?" काका म्हणाले.

मावशींनी काजातून ते जेमतेम बसवले. काकांनी हात झटकून पाहिला. छान होते. भरभक्कम होते. सकाळी त्यांनी एक सामना जिंकला, एक हरला. आता दुपारी तीनचा शेवटचा सामना राहिला. तो एका लांब केसांच्या पोराशी होता. केस मागे बांधायचा म्हणून सगळे त्याला पोनी म्हणत. पोनीने हा सामना जिंकला तर तो गटात पहिला येणार होता.

अडीच वाजता चहाच्या टेबलापाशी चष्मेवाला काकांना गाठून बसला. चष्मेवाला हा त्यांच्याच गटातला, त्यांच्याच वयाचा, सहाही सामने खेळून मोकळा झालेला.

"काका, घरी जायचंय ना?"

"जायचंय तर."

"मग सोपं आहे. माझे दोन विजय, तुमचे दोन विजय. मी तुम्हाला हरवलंय, म्हणजे बरोबरी झाली तर मी वरचा. तुम्ही आत्ता हरलात की तुम्ही सहावे, मी पाचवा. तुम्ही घरी, मी इथं. कुणाचं नुकसान नाही. हात जरा ढिला सोडा."

काकांनी खरोखरच कानांवर हात ठेवले. हातात कप होता, त्यामुळे चहा जाकिटावर सांडला.

"मला गणित सांगू नकोस म्हणून कितीदा सांगितलं!"

"अहो, अख्ख्या हॉलला माहिती आहे," चष्मेवाला म्हणाला. "चहावाल्या बाईसुद्धा मघाशी म्हणाल्या, काकांची गाडी किती वाजताची आहे?"

"सव्वासहाची आहे ना?" चहावाल्या बाईंनी किटलीमागून विचारले.

काका जड पायांनी टेबलाकडे गेले. आता नको ते डोक्यात शिरले होते. हरलो की घर. ते स्वतःला बजावत राहिले की आपण नेहमीसारखे खेळायचे. आणि माणूस स्वतःला असे बजावायला लागला की नेहमीसारखे काहीच होत नाही. पहिल्या फ्रेममध्ये त्यांनी इतका सोपा लाल चेंडू चुकवला की पांढरे हातमोजे घातलेल्या पंचबाईंनी भुवई उंचावली. दुसऱ्या फ्रेममध्ये त्यांचा पांढराच पॉकेटात गेला. दोन-शून्य. पाच फ्रेमचा सामना. आणखी एक गेली की संपले.

खुर्चीत बसून काकांनी आपल्या हाताकडे पाहिले. हा हात आपल्याला न विचारता घरी निघालाय, असे त्यांना वाटले, आणि त्यांना त्याचा भयंकर राग आला. सत्तावीस वर्षांत मधले म्हणवून घेतले होते, पण कुणी त्यांना लबाड म्हटले नव्हते. ते उठले. तिसरी फ्रेम त्यांनी एका दमात घेतली. चौथीत पोनीला खुर्चीवरून उठूच दिले नाही. दोन-दोन.

टाळ्या पडल्या. काकांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिले. मावशींनी तक्त्यात काहीतरी लिहिले, डायरी मिटली, चष्मा पुसून डबीत ठेवला आणि पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून तोंडात टाकली. काकांना वाटले, मावशींनी आपली आशा सोडली.

पाचवी फ्रेम लांबली. एकेक करत टेबल रिकामे होत गेले आणि शेवटी गुलाबी आणि काळा असे दोनच रंगीत चेंडू उरले. काका अठ्ठावन्न, पोनी चोपन्न. गुलाबीचे सहा गुण, काळ्याचे सात. गुलाबी पॉकेटात गेला की काका दहाने पुढे, आणि मग टेबलावर सातच उरतात. सामना काकांचा.

गुलाबी पॉकेटाच्या तोंडाशी होता. अडचण एकच होती: काळा चेंडू नेमका काकांच्या उजव्या हाताखाली येत होता. त्यांनी डाव्या हाताची बोटे उंच केली, उजवे कोपर वर घेतले आणि काळ्यावरून क्यू नेला. घड्याळाच्या काट्यासारखा सावकाश. टक्. गुलाबी आत गेला. हॉल उसळला. पोनी हात मिळवायला उठला.

पण काकांनी आणखी एक टक् ऐकली होती. फार बारीक. मावशींच्या यजमानांच्या कोटाचे बटण काळ्या चेंडूला लागले होते. काळा केसभर डुलला आणि थांबला.

काका तसेच वाकलेले राहिले. पंचबाई पलीकडच्या बाजूला होत्या, त्यांना दिसणे शक्य नव्हते. पोनी टाळ्या वाजवत होता. कॅमेरा दुसऱ्या टेबलावर होता. चेंडूला सदरा लागला तरी तो फाऊलच, आणि तो कुणी पाहिला नसेल तर खेळणाऱ्याने आपण होऊन सांगायचा, ही या खेळाची रीत. काकांनी आजवर असे अकरा फाऊल सांगितले होते आणि कधी दोनदा विचार केला नव्हता. पण आज सांगितले तर सात गुण पोनीला. पोनी जिंकणार, काका हरणार, आणि हरले की घर. अख्ख्या हॉलला गाडीची वेळ ठाऊक होती! काका प्रामाणिकपणा करून लबाड ठरणार होते. आणि गप्प बसले असते, तर लबाडी करून प्रामाणिक ठरले असते. असा पेच घड्याळाच्या दुकानात कधी आला नसता.

"काका," पंचबाई म्हणाल्या, "पाठ धरली का?"

"फाऊल," काका वाकूनच म्हणाले. "बटण लागलं. काळ्याला."

"मी पाहिलं नाही."

"मी ऐकलं."

"नक्की?"

"बाई, माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. मला टक् कळते."

पंचबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. मग खणखणीत आवाजात "फाऊल, सात!" म्हणून त्यांनी गुलाबी चेंडू काढला, पुसला आणि पुन्हा जागेवर ठेवला. पोनी एकसष्ट, काका अठ्ठावन्न. पोनीने मान खाली घालून गुलाबी आत टाकला. आता उरलेल्या काळ्यानेही काकांची तूट भरून निघाली नसती. संपले.

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणाले, "सोयीचा फाऊल हं काका! गाडी गाठा आता." दोनचार जण हसले. हसणे वाईट नव्हते, पण काकांच्या कानात ते तापलेल्या तारेसारखे गेले. चष्मेवाल्याने तर येऊन पाठीवर थाप मारली. "मानलं बुवा तुम्हाला! मी म्हटलं हात ढिला सोडा, तुम्ही बाहीच सोडली! काय सुबक काम!"

"मी मुद्दाम केलं नाही," काका म्हणाले.

"नाहीच मुळी," चष्मेवाला डोळा मारत म्हणाला.

काकांना रडायला आले असते, पण बो बांधलेला असताना ते रडत नसत. त्यांनी क्यू पेटीत ठेवला आणि मान वर न करता जिन्याकडे निघाले. जिन्याच्या तोंडाशी मावशी उभ्या होत्या.

"मावशी, मी निघतो. खोली संध्याकाळी मोकळी करून देतो. तुम्हाला तरी खरं वाटतं ना?"

"कुठं निघालात?"

"घरी. सहावा आलो ना."

"कुणी सांगितलं?"

"सगळेच म्हणतायत."

"सगळ्यांनी कागद वाचलाय का?" मावशी म्हणाल्या, आणि पेपरमिंटची गोळी गालात सरकवून त्यांनी जिन्याशेजारच्या भिंतीकडे बोट केले. तिथे यंदाच्या नियमांचा कागद पहिल्या दिवसापासून चिकटवलेला होता. खेळाडू त्याच्यावर जाकिटे अडकवत. मावशींनी एक जाकीट बाजूला केले. "कलम नऊ. विजय सारखे असतील तर जिंकलेल्या फ्रेम मोजायच्या. कुणी कुणाला हरवलं ते त्यानंतर. गेल्या वर्षी उलटं असेल, मला माहीत नाही. मी गेल्या वर्षी नव्हते."

चष्मेवाला मागे येऊन उभा होता. त्याने चष्मा कपाळावर सरकवून कागदाला नाक लावले.

"यांच्या दहा फ्रेम," मावशी डायरी उघडत म्हणाल्या. "तुमच्या या सामन्याआधी नऊ होत्या. आत्ता दोन जिंकलात. अकरा. तुम्ही पाचवे."

"आणि मी?" चष्मेवाला म्हणाला.

"तुमची गाडी किती वाजताची आहे?" मावशींनी विचारले.

चष्मेवाला स्पर्धेच्या संचालकांकडे धावला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपलाच कागद वाचला आणि मान डोलावली. बातमी हॉलभर गेली. मागच्या रांगेतला तो माणूस येऊन "चुकलं काका" म्हणून गेला. पोनी येऊन वाकून नमस्कार करायला लागला, तर काकांनी त्याला मधेच धरला.

"पण मावशी," काका हळूच म्हणाले, "मी तो फाऊल सांगितला नसता तर?"

"जिंकला असतात आणि चौथे आला असतात. दोन-दोन झालं तेव्हाच तुम्ही मधे अडकलात. म्हणून तर मी चष्मा ठेवून दिला."

काका जिन्याच्या पायरीवर बसले आणि हसायला लागले. इतके हसले की बो सुटला. त्या पाचव्या फ्रेममध्ये त्यांनी जिथे जीव टांगणीला लावला होता, तिथे घर नव्हतेच. कुणी त्यांना लबाड म्हणू शकत नव्हते, कारण लबाडीने मिळण्यासारखे काही शिल्लकच नव्हते. मग एकदम त्यांना शनिवार आठवला आणि सुटलेला बो खिशात घालून ते उठले.

घरी येऊन त्यांनी फोन लावला. मावशी स्वयंपाकघरात होत्या आणि नळ बंद होता.

"कितवे?" काकू म्हणाल्या.

"पाचवा."

काकांनी मग सगळे सांगितले: बटण, काळा चेंडू, हसणारी माणसे, कलम नऊ. मधे थांबले नाहीत, कारण थांबलो तर काकू फोन ठेवतील अशी भीती होती.

"फाऊल कुणी पाहिला होता?" काकूंनी विचारले.

"कुणीच नाही."

"आणि सांगून घरी जायला मिळेल असं वाटत होतं?"

"वाटत होतं. पण त्यासाठी नाही सांगितलं. अगं, चेंडू हलला."

"मला माहिती आहे कशासाठी सांगितलंत," काकू म्हणाल्या. "तुम्हाला खोटा ताप येत नाही." मग त्यांनी नाक शिंकरले, सर्दी झाल्यासारखे वाटले. "उद्याची मॅच किती वाजता?"

"दुपारी दोन मॅच आहेत. शेवटची संध्याकाळी सातला."

"समारंभ साडेबाराला संपेल. दीडची गाडी आहे, ती सहाला पोचते."

"कोण येतंय?"

"मी. मला परवापासून काम काय? सत्तावीस वर्षं मधे राहता म्हणजे नेमकं काय करता, ते बघून तरी घेते."

"आणि तिथं माझी खुर्ची? पहिल्या रांगेतली?"

"तिच्यावर पर्स ठेवीन. नेहमी तेच करते," काकू म्हणाल्या. "आणि त्या बाईंना विचारा, त्यांना चालेल ना."

"विचारतो," म्हणत काका वळले, तर मावशी दारात सुईदोरा घेऊन उभ्या होत्या आणि सदऱ्यासाठी हात पुढे केलेला होता.

त्या संध्याकाळी डायरीत तक्ता नव्हता. नोंद दोनच ओळींची होती. १३ ऑक्टोबर, शुक्रवार. गॅसवाला एकदाचा आला. सदऱ्याचे मोठे बटण काढून येताना विकत आणलेले लहान लावले. पाहुण्यांच्या खोलीत दुसरी उशी ठेवली.